दाढेचा फोटो

अण्णांची दाढ महिनाभर ठणकत होती. लवंगेचे तेल लावले. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. दुखणे तेवढ्यापुरते थांबे, पुन्हा सुरू होई. एके दिवशी गाल सुजला. तेव्हा अण्णा आणि काकू तालुक्याच्या दवाखान्यात गेले. मीही सोबत होतो.

डॉक्टरीणबाईंनी आधी विचारपूस केली. मग लहान आरशाने तोंड पाहिले. दाढेवर हलकेच ठोकले. अण्णा कळवळले. बाई म्हणाल्या, “दुखणे मुळाशी दिसते. एक्स-रे, म्हणजे फोटो, काढावा लागेल.”

अण्णा बिचकले. मला म्हणाले, “गुरुजी, दाढ तर वरून धड आहे. मग हा खर्च कशाला? आणि ते किरण बाधतात म्हणे!”

मी म्हणालो, “अण्णा, झाड वरून हिरवे असते, पण मुळाला वाळवी लागलेली असते. ती वरून दिसते का? हा फोटो न खणता मूळ दाखवतो.”

हे किरण १८९५ साली जर्मनीत राँटगेन नावाच्या शास्त्रज्ञाने शोधले. पुढच्याच वर्षी दातांचा फोटो निघाला. त्याला २५ मिनिटे लागली होती. आता क्षणात काम होते. किरण फार थोडे लागतात. तरी ते विनाकारण घेऊ नयेत.

फोटो निघाला. त्यात हाड पांढरे दिसते. अण्णांच्या दाढेच्या मुळाशी मात्र काळा डाग होता. पुवाने तिथले हाड खाल्ले होते. बाईंनी मुळाचा इलाज केला. दाढ वाचली.

काकू म्हणाल्या, “आलेच आहे, तर माझाही फोटो काढा.”

बाईंनी काकूंचे दात तपासले. मग हसून म्हणाल्या, “तुम्हाला आज गरज नाही. उगाच का काढायचा?”

मग फोटो केव्हा लागतो? दोन दातांच्या फटीत कीड असावी अशी शंका आली, अक्कलदाढ हाडात अडकली, मार लागून दात हलला, किंवा हिरडीखालचे हाड झिजले असे वाटले, तर लागतो. आधी तपासणी, मग फोटो.

लक्षात ठेवा :

१. फोटोत काय पाहायचे आहे, ते डॉक्टरांना विचारा. विचारण्यात लाज नाही.

२. जुना फोटो जपून ठेवा. पुढच्या वेळी सोबत न्या.

३. बाई गरोदर असेल, तर आधी सांगावे. खरी गरज असली, तर तेव्हाही फोटो काढता येतो.

सांगा पाहू : अण्णांचा फोटो का काढला? काकूंचा का नाही काढला?