पोहे, ताक आणि पोटातला दाह

ठेच लागली की अंगठा लाल होतो, सुजतो आणि चार दिवसांत बरा होतो. हा दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, आपल्या बचावासाठीच असतो. पण तोच शरीरात मंदपणे वर्षानुवर्षं चालू राहिला तर? बाहेरून काही दिसत नाही, पण मधुमेह आणि हृदयविकाराशी त्याचा संबंध आहे.

यात आतडं कुठून आलं? मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. आपल्याला न पचणारं फायबर हे त्यांचं अन्न. ते आंबवून जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. त्यावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात आणि दाह आटोक्यात राहायला मदत होते. फायबर मिळालं नाही तर? उंदरांवरच्या प्रयोगात भुकेले जिवाणू अस्तरावरचा संरक्षक थरच खाऊ लागले.

आता परदेशीपुऱ्यातली आपली सकाळ बघा. पोहे, वर मूठभर सेव, सोबत जिलेबी, की पळा लेक्चरला! पोहे वाईट नाहीत, पण त्यात फायबर कमीच. दुपारी कचोरी, रात्री नूडल्स असतील तर जिवाणूंच्या वाट्याला काय उरलं?

"मी तर बारीक आहे, मला काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचं उदाहरण. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! पोटातली जास्तीची चरबी दाह वाढवणारी द्रव्यं सोडते. म्हणजे नुसत्या वजनकाट्यावर विसंबून चालत नाही.

उपाय महाग नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासात 36 निरोगी माणसं होती. त्यांतल्या ज्यांनी 10 आठवडे दह्यासारखे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, त्यांच्या रक्तातली दाहाशी संबंधित 19 प्रथिनं कमी झाली. अभ्यास लहान आहे, पण दिशा दाखवतो.

मग पोहे खा, पण त्यात मोड आलेली मटकी घाला. जिलेबीऐवजी पेरू घ्या. जेवणात ज्वारीची भाकरी आणि वाटीभर ताजं ताक असू द्या. (कढी छानच लागते, पण उकळल्यावर ताकातले जिवाणू मरतात.) फायबर मात्र हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगेल. आणि कुणाला आजार असेल, तर ताक प्यायला लागलो म्हणून औषध बंद करू नका. ते डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.