लॅपटॉप तापतोय? आधी वाट मोकळी करा!

मे महिन्यात नागभीडला घरी बसून प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करत होते. बाहेर ४५ अंश. सबमिशनला दोन दिवस उरले आणि लॅपटॉप फटकन बंद! सेव्ह न केलेली आठ पानं गेली.

आता थोडी थिअरी. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरी तापला तर मशीन बंद पडते. आतला फॅन हवा थंड करत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. प्रोसेसर ९५ अंश आणि हवा ३० असेल तर फरक ६५. हवा ४५ असेल तर फक्त ५०. म्हणजे उष्णता बाहेर जाण्याचा वेग जवळपास पावपट घटतो. हवा आपल्या हातात नाही, पण तिची वाट आहे.

कृती :
१) वॉरंटी संपली असेल तरच उघडा. चार्जर काढा, मग बॅटरीचा कनेक्टर.
२) फॅन बोटाने धरून मऊ ब्रशने जाळी साफ करा. माझ्या जाळीवर धुळीचा चक्क गालिचा होता!
३) हीटसिंक काढा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

गादीवर लॅपटॉप ठेवू नका, खालची जाळी बंद होते. कूलरच्या तोंडासमोरही नको, ओलावा आत जातो.

माझा रिपोर्ट वेळेत गेला. तुमचा फॅन घरघरत असेल तर सबमिशनची वाट बघू नका. आणि हो, कंट्रोल-एस दाबत राहा!