वाद्यकाराची कानस

लोखंड घासण्याची कानस आणि लाकूड घासण्याची कानस ही दोन हत्यारे दुरून सारखीच दिसतात. जवळून पाहिल्यास भेद कळतो. पहिलीवर तिरप्या रेघा ओळीने कोरलेल्या असतात. दुसरीवर रेघ नसून सुटे दाणे वर आलेले असतात. यांतील प्रत्येक दाणा हा एक स्वतंत्र दाता होय. मऊ पोलादाच्या पट्टीवर टोकदार छिन्नी तिरपी धरून हातोडीचा ठोका दिला असता धातूचा कण उचलला जातो. असे शेकडो ठोके दिल्यावर पट्टी तापवून विझवितात, तेव्हा ती कठीण होते. फ्रान्समधील काही कारखान्यांत हे काम आजही हातानेच चालते.

हाताने उठविलेले दाते सरळ ओळीत येत नाहीत आणि हा अनियमितपणा येथे गुण ठरतो. दाते ओळीत असले तर मागचा दाता पुढच्याच्या चरीतून धावतो व चर खोल होत जाते. ते विस्कळीत असले म्हणजे एकाने सोडलेला उंचवटा दुसरा कापतो आणि पृष्ठभाग नितळ येतो.

म्हैसूर हे शिसवी लाकडातील जडावकामाचे आणि वीणेचे नगर आहे. तेथील दरबारात वीणा शेषण्णा (१८५२–१९२६) यांच्यासारखे वादक होऊन गेले. दक्षिणेतील वीणा प्रायः फणसाच्या लाकडाची असते. तेथील रानांतील शिसव मात्र गिटारची पाठ व कडा यांसाठी दूरदेशी जात असते; अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९६९ साली ब्राझीलच्या शिसवीऐवजी भारतीय शिसव वापरण्यास प्रारंभ केला. गिटारच्या मानेसाठी मॅहॉगनी किंवा अमेरिकेतील सेड्रेला हे लाकूड घेतात. मिरजेचे कारागीर सतार व तंबोऱ्यासाठी जे तुणीचे लाकूड वापरतात, ते याच वृक्षकुलातील आहे.

वाद्याची मान घडविताना कानस का लागते? लाकडाचे तंतू सर्वत्र सरळ धावत नाहीत. ते उलट फिरले की रंधा किंवा पटाशी त्यांच्या कलाने आत शिरते आणि नको तेवढी कपची उडते. कानशीचा दाता अगदी लहान तुकडा उचलून मोकळा होतो. त्याला तंतूंच्या मागे जाता येत नाही. शिवाय मान जेथे पेटीला मिळते तेथील खोलगट वळणात रंधा बसतच नाही. तेथे अर्धगोल कानस नेमकी बसते.

कानस पुढे ढकलताना कापते. मागे आणताना ती उचलून घ्यावी, नाहीतर दाते बोथट होतात. प्रथम मोठ्या दाण्याच्या कानशीने पैलू पाडावे, मग बारीक दाण्याच्या कानशीने ते पैलू मोडावे, शेवटी पत्र्याने तासून काचकागद फिरवावा.

कोठे थांबावे, हे मात्र हिशेबाने ठरते. पोलादी तारांच्या गिटारमध्ये सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो वजनाइतका असतो. तो सोसण्याचा मानेचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. २० मिलिमीटर जाडीची मान १८ मिलिमीटर झाली, तर जाडी केवळ दहावा हिस्सा घटते. पण ०·९ चा घन ०·७२९ असल्याने लाकडाचा ताठपणा जवळजवळ २७ टक्क्यांनी कमी होतो. पुष्कळ गिटारींच्या मानेत पोलादी सळई घालतात, तिचा आधार असतोच. वीणेच्या पोकळ दांडीस तोही नाही. म्हणून जाणता कारागीर दर काही हातांनंतर जाडी मोजतो. घासून गेलेले लाकूड परत जोडता येत नाही.

एक गोष्ट शाळांच्या सुतारशाळेत आवर्जून सांगावयास हवी. कानशीचा भुसा रंध्याच्या ढलप्यांहून फार बारीक असतो. शिसवीच्या भुशाने काहींच्या त्वचेस खाज सुटते. लाकडाची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास नाकाचा कर्करोग होऊ शकतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नमूद केले आहे. नाकातोंडावर धूळ अडविणारा चांगला मुखपट्टा बांधावा, खिडक्या उघड्या ठेवाव्या, आणि भुसा फुंकून न उडविता ओल्या फडक्याने टिपावा.