पावलांखालची वीज

कोरड्या केसांवरून फिरविलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हा प्रयोग शाळेत बहुतेकांनी केलेला असतो. दोन भिन्न पदार्थ एकमेकांना टेकून विलग झाले की एकाचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. एकावर धन, तर दुसऱ्यावर ऋण विद्युत्भार येतो. याच तत्त्वावर, चालणाऱ्या माणसाच्या पावलांतून वीज मिळविण्याचा एक प्रयोग स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील ईटीएच या तंत्रविद्यापीठात ग्विदो पान्झारासा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी निवडलेला पदार्थ होता, घराच्या जमिनीला तिकडे सर्रास वापरतात ते लाकूड.

वास्तविक या कामाला लाकूड मुळात निरुपयोगी. ते इलेक्ट्रॉन सहजी देत नाही आणि सहजी घेतही नाही. तेव्हा समोरासमोरच्या दोन फळ्यांपैकी एकीला देती व दुसरीला घेती करणे भाग होते. घेणाऱ्या फळीला सिलिकोनचा लेप दिला, एवढ्याने भागले. देणारीचे काम अधिक नाजूक. तिच्या पृष्ठभागावर ‘झिफ-८’ या पदार्थाचे सूक्ष्म स्फटिक जागच्या जागी वाढविण्यात आले. जस्ताचे आयन व सेंद्रिय रेणू यांची ही सच्छिद्र जाळी इलेक्ट्रॉन सहज सोडते. पाऊल पडले की फळ्या टेकतात, उचलले की विलग होतात आणि जोडलेल्या तारांतून प्रवाह वाहतो. स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे, त्रिज्येच्या दिशेने कापलेले लाकूड यासाठी सर्वांत सरस ठरले. साध्या लाकडाच्या ८० पट वीज मिळाली. १,५०० वेळा दाबूनही ती स्थिर राहिली. ए-४ कागदाहून किंचित लहान अशा नमुन्यावर माणूस चालला, तेव्हा दिवा लागला.

मग घराचे वीजबिल वाचेल काय? थोडा हिशेब करून पाहू. ६० किलो वजनाच्या माणसाचा भार सुमारे ६०० न्यूटन. त्याखाली जमीन ५ मिलिमीटर दबते असे मानले (लाकडी जमीन खरे तर इतकी दबत नाही), तर एका पावलामागे ३ ज्यूल ऊर्जा मिळेल. त्यातील कणही वाया न जाता तिची वीज झाली, तरी ९ वॅटचा एक दिवा तेवत ठेवण्यास दर सेकंदाला तीन पावले टाकावी लागतील आणि एका युनिटसाठी १२ लाख! शिवाय ही ऊर्जा फुकटची नव्हे. ती चालणाऱ्याच्या भाकरीतून येते. प्रयोगातील लहानशा तुकड्याने २४.३ व्होल्ट दाब दिला, हे खरे. परंतु प्रवाह अत्यल्प असल्याने त्या आकड्याने भुलून जाऊ नये.

अशा जमिनीचे खरे काम वेगळेच दिसते. खोलीत कोणी आले, कोणी पडले, याची सूचना देणाऱ्या लहान उपकरणांना अल्पशी वीज पुरते आणि विद्युत्घट बदलण्याची यातायात टळते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी हे थोडेथोडके नव्हे. लेप अधिक पर्यावरणस्नेही व देण्यास सोपे करणे, हे संशोधकांचे पुढील उद्दिष्ट आहे.

आपल्याकडे शहाबादी फरशीच्या घरांत लाकडी जमीन विरळाच. आणि दुसरी अडचण हवेची. दमट हवेत पृष्ठभागावरील विद्युत्भार टिकत नाही. झुरिकच्या प्रयोगशाळेत उजळलेला हा दिवा कोकणातील आषाढात लावावयाचा, तर फळ्यांचा हा जोड ओलाव्यापासून संपूर्ण बंदिस्त करावा लागेल.