शून्यापासून कुणीच सुरू करत नाही

नाशिक

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

काल अक्काचा फोन आला. तू लिहितोयस त्या ऑपरेटिंग सिस्टिमचं अर्धकच्चं कर्नल पेनड्राइव्हवर चढवायला गेलास आणि भाऊजींच्या लॅपटॉपची डिस्कच पुसून बसलास म्हणे. दुकानाचा हिशेब गेला. त्यावर दार लावून खोलीत बसलायस, धड जेवत नाहीस, आणि ‘मला डोकंच नाही, कॉलेज सोडतो’ म्हणतोस. हिशेब बिलांवरून पुन्हा मांडता येईल. मला काळजी आहे ती तुझ्या या बोलण्याची.

आधी रागावून घेतो. क्यूएमू कशासाठी आहे रे? त्यातलं खोटं मशीन शंभरदा कोसळलं तरी घरात कुणाचं काही जात नाही. डीडीची कमांड देताना डिस्कचं नाव दोनदा वाचायचं, एवढी सबुरी नको? आजोबांचा उतावळेपणा बरोब्बर तुझ्यात उतरलाय.

पण डोकं नाही, हे कुणी ठरवलं? एरवी तुझा प्रोग्रॅम चुकला की खालची ऑपरेटिंग सिस्टिम काहीतरी बोलते. इथे तुझ्या खाली कुणीच नाही. प्रिंटएफ तुलाच लिहायचा, मेमरी वाटायची तीही तूच. चूक झाली आणि ती हाताळणारा कोड सापडला नाही, की प्रोसेसर डबल फॉल्टमध्ये जातो. तोही सावरता आला नाही की ट्रिपल फॉल्ट, आणि मशीन अवाक्षर न काढता रिसेट. भल्याभल्यांची मशिनं अशीच रिसेट झालीत. त्यावरून कुणी स्वतःच्या बुद्धीचा निकाल लावतं का?

लिनस टोरवाल्ड्सनं एकविसाव्या वर्षी लिनक्स लिहिलं, हे तू मला नेहमी ऐकवतोस. अरे, त्याच्या हाताशी टॅनेनबॉमचं ऑपरेटिंग सिस्टिमवरचं पुस्तक होतं, मशीनवर त्या पुस्तकातलं मिनिक्स चालत होतं. सुरुवात केली ती दोन कामं आलटूनपालटून चालवण्यापासून: एकानं पडद्यावर ‘ए’ उमटवायचा, दुसऱ्यानं ‘बी’. सप्टेंबर 1991 मधली 0.01 आवृत्ती जेमतेम दहा हजार ओळींची. तू मात्र पहिल्याच महिन्यात खिडक्या आणि माउस करायला निघालास!

त्यापेक्षा एमआयटीचं एक्सव्ही6 घे. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवरून खास विद्यार्थ्यांसाठी बेतलंय, सोबतचं पुस्तकही फुकट मिळतं. आधी वाच, मग त्यात आपला एक छोटा सिस्टिम कॉल घाल. सिरियल पोर्टवर अक्षरं काढायला शीक, जीडीबी डीबगर जोडून एकेक पायरी चालवून बघ. पेजिंग डोक्यात शिरायला महिने लागले तर लागू देत.

टॅनेनबॉमचं ते पुस्तक माझ्याकडेही होतं. पेजिंगपाशीच अडलो. विचारायची लाज वाटायची, आणि घरात या विषयातलं कुणी नव्हतंही. मग नोकरी लागली, पगारपत्रकांचे प्रोग्रॅम लिहिण्यात उमेदीची वर्षं गेली. कुणाला तरी विचारलं असतं तर, हे अजून मनात येतं. म्हणून तुझं ‘डोकं नाही’ ऐकलं आणि रात्री झोप लागली नाही.

कॉलेजचा निर्णय इतक्यात घेऊ नकोस. भाऊजींशी मी बोललोय, ते चिडलेले नाहीत, तू बोलत नाहीस म्हणून घाबरलेत. दिवाळीत इकडे ये. मामीनं तुझ्यासाठी वरची खोली आवरून ठेवलीय. मला आता त्यातलं फारसं कळणार नाही, पण जिथे अडलायस ते मला समजावून सांग. मी शेजारी बसून ऐकेन, कितीही वेळ लागला तरी.

तुझा,
मामा