बदलून देतो म्हणे!

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घराघरात एकच धोशा सुरू होतो, "आई, पिल्लू घेऊ या ना!" आधी आपण नाही म्हणतो. मग "चांगले मार्क पडले तर बघू" म्हणून वेळ मारून नेतो. पोरं खरंच मार्क पाडून दाखवतात, तेव्हा आपली पंचाईत होते.

आपल्या सुरगाण्यात बसून जातिवंत पिल्लू घ्यायचं म्हणजे ते आधी मोबाइलवरच दिसतं. विकणारा नाशिकला, नाहीतर पलीकडे गुजरातेत. गुबगुबीत लॅब्रॅडॉरचा फोटो, खाली लिहिलेलं 'प्युअर ब्रीड, हेल्थ गॅरंटी'. वणीवरून कुणीतरी ओळखीचं येणार असतंच, त्यांच्या गाडीत खोकं ठेवून दिलं की झालं. शेत, दुकान, नोकरी यातून जाऊन बघायला सवड कुणाला आहे? गॅरंटी आहे ना, मग कशाला काळजी, अशी आपण स्वतःची समजूत घालतो.

ती गॅरंटी कसली, हे मात्र एकदा खोदून विचारा. बहुतेकदा उत्तर येतं, "दोन-तीन दिवसांत काही झालं तर बदलून देतो." ऐकायला बरं वाटतं. आता पिल्लांना होणाऱ्या पार्व्हो या आजाराचंच घ्या. उलट्या, रक्ताची हगवण, आणि खेळतं पिल्लू बघता बघता मलूल होऊन पडतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे विकणाऱ्याकडूनच आजार घेऊन आलेलं पिल्लू पहिले दोन दिवस आपल्या अंगणात मस्त उड्या मारत असतं. गॅरंटी संपते आणि मग आजार दिसतो.

आणि 'बदलून' म्हणजे काय हो? मिक्सर बिघडला तर बदलून आणतात. पोराने तर पहिल्याच रात्री नाव ठेवलेलं असतं, आपला डोळा चुकवून अंथरुणात घेतलेलं असतं. "रडू नकोस, दुसरं आणू" असं आपण मायेनेच म्हणतो. त्याला दुसरं नको असतं, हेच बरं व्हायला हवं असतं. आणि मनात एक भुंगा असतो, तो ते बोलून दाखवत नाही: मी त्याला बिस्कीट दिलं म्हणून तर नाही ना झालं? अशा वेळी "तुझ्यामुळे काही झालेलं नाही" हे आपणहून सांगावं, एकदा नाही, चार वेळा. आपल्याला घाई असते ती त्याचं रडणं थांबवण्याची.

शिवाय पार्व्होचा विषाणू घरात, अंगणात, गोणपाटावर महिनोन्महिने टिकतो. बदलून आणलेलं अर्धवट लसीचं पिल्लू त्याच गोणपाटावर झोपवलं, तर पुन्हा तेच.

म्हणून मला वाटतं, पहिल्या खेपेला मुलाला न नेता आपणच विकणाऱ्याकडे जाऊन यावं. पिल्लू एकदा त्याच्या मांडीवर बसलं की "नको" म्हणायची आपली छाती होत नाही, आणि विकणारा हे आपल्यापेक्षा चांगलं ओळखून असतो.

तिथे गेल्यावर पिल्लाआधी त्याची आई बघायला मागा. "ती फार्मवर आहे" असं उत्तर आलं तर समजायचं, हा माणूस बहुधा कुठून तरी आणून विकतोय. आई समोर असेल तर ती खंगलेली आहे का, फरशीला वास येतोय का, बाकीच्या पिल्लांना जुलाब आहेत का, हे आपल्याला डॉक्टर न होताही कळतं.

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. तरी महिन्या-सव्वामहिन्याची पिल्लं सर्रास दाखवतात, कारण जितकं लहान तितकं गोड दिसतं. आईजवळ, भावंडांत खेळतानाच पिल्लू किती जोरात चावायचं ते शिकतं. ते शिक्षण अर्धवट राहिलं की दात आपल्या पोराच्या हातावर उमटतात.

"लसी झाल्यात" या तोंडी शब्दावर जाऊ नका. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही बघा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत, आणि रेबीजची साधारण तिसऱ्या महिन्यात. केनेल क्लबचा कागद वंश सांगतो, तब्येत नाही. गॅरंटी कागदावर घ्या: दिवस निदान पंधरा, आणि औषधपाण्याचा खर्च कोण करणार तेही. लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर आईबापांच्या खुब्याचा एक्स-रे काढलाय का विचारा. विकणारा हसेल, हसू दे. (हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग आठवतो? त्यानंतर घरोघरी पग हवे झाले. त्या चपट्या नाकाने धड श्वास घेता येत नाही, हे जाहिरातीत कोण सांगणार!)

खरं सांगू, आपल्या पाड्यांवर गावठी पिल्लं काय कमी आहेत? आई डोळ्यांसमोर, इथल्या पावसाची सवय जन्मापासून. गॅरंटी कुणी देत नाही, पण फसवतही नाही. लसी, जंताचं औषध आणि गोचिडांचा बंदोबस्त मात्र त्यांनाही तितकाच लागतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्याची लस आहे की बाहेरून आणावी लागेल, हे पिल्लू आणायच्या आधीच फोन करून विचारलेलं बरं.

एक गोष्ट राहिली. पिल्लाचा दात किंवा नख लागलं तर मुलं लपवतात. रागावतील म्हणून नाही, पिल्लू परत देतील म्हणून. पिल्लू घरात येईल त्याच दिवशी पोराला कबूल करा: "ओरखडा सांगितलास तर पिल्लू कुठेही जाणार नाही." मग जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या भीतीने तडक सरकारी दवाखाना गाठायचा, पिल्लू कितीही ठणठणीत दिसत असलं तरी.