नाकाने श्वास, निवांत झोप



ट्रॅक्टरचा एअर फिल्टर आपण वेळेवर साफ करतो. नाकाकडे मात्र बघत नाही. नाकातले केस व चिकट स्राव धूळ अडवतात, हवा कोमट व ओलसर होऊन आत जाते. तोंडाला ही चाळणी नाही. म्हणून पाचट काढताना नाका-तोंडावर फडके बांधा, श्वास नाकानेच घ्या. धुराचे बारीक कण मात्र नाकालाही अडत नाहीत. तेव्हा पाचट पेटवू नका, सरीत कुजवा.

सकाळी घसा कोरडा पडतो? बहुधा रात्री तोंडाने श्वास चालतो. नाक कायम चोंदत असेल, घोरताना श्वास अडून दचकून जाग येत असेल, दिवसा डुलक्या लागत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचे धाडस नको.

— ऊस विकास अधिकारी